जॉनी हॅलिडेचा १९६९चा अल्बम कसा ऐकावा : फ्रेंच गळा आणि ब्रिटिश ठेका

जॉनी हॅलिडे या फ्रेंच रॉक गायकाचा, १९६९ साली फिलिप्स कंपनीने काढलेला आणि 'रिव्हिएर, उव्र तों ली' या गाण्याच्या नावाने ओळखला जाणारा अल्बम फ्रेंच न येणाऱ्या मराठी श्रोत्याने कसा ऐकावा, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे. या अल्बमवर स्मॉल फेसेस या लंडनच्या बँडमधले वादक आहेत, त्यांच्या सोबतीला तरुण पीटर फ्रॅम्प्टनची गिटार आहे, आणि मिक जोन्स व टॉमी ब्राउन ही फ्रान्समध्ये मुक्काम ठोकून राहिलेली इंग्रज जोडीही आहे. रॉकचे जाणकार बहुधा स्मॉल फेसेस आणि फ्रॅम्प्टन ही नावे वाचून या अल्बमकडे वळतात, त्यांचीच वाद्ये हुडकत बसतात आणि मग 'ठीक आहे' असे म्हणून पुढे जातात. माझ्या मते या अल्बमची किल्ली जोन्स आणि ब्राउन यांच्याकडे आहे. ती हाती आली की पाहुण्या वादकांची कामगिरीही अधिक नीट कळते.

नेमके काय शोधावे

हॅलिडेने १९६० ते २०१७ या काळात गाणी मुद्रित केली. त्यामुळे त्याच्या नावावर स्टुडिओ अल्बम, मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि निवडक गाण्यांचे संच यांची प्रचंड गर्दी आहे. नुसते गायकाचे नाव टाकून शोधले तर बहुधा नंतरच्या दशकांतली गाजलेली प्रेमगीतेच आधी पुढे येतात. म्हणून शोध गाण्याच्या नावाने घ्यावा. 'ज स्वी ने दां ला र्यू', 'व्होयाज ओ पेई दे व्हिव्हां' आणि 'रिव्हिएर, उव्र तों ली' ही तीन गाणी एकत्र आढळली की आपण योग्य ठिकाणी पोचलो असे समजावे. रोमन लिपीत टंकताना फ्रेंच अक्षरांवरची चिन्हे गाळली तरी चालते.

ध्वनिमुद्रण १९६९च्या स्टुडिओतलेच आहे ना, हे तपासणे आवश्यक आहे. हॅलिडे ही गाणी रंगमंचावरही गात असे आणि मैफलीतली रूपे भलतीच आकर्षक असतात, परंतु तिथे वादक वेगळे असू शकतात. ज्याला ब्रिटिश वादकांसाठी हा अल्बम ऐकायचा आहे त्याने टाळ्यांचा आवाज आला की थांबावे आणि दुसरी प्रत शोधावी.

शक्य असेल तर हेडफोन वापरावेत. त्या काळच्या स्टिरिओ मुद्रणांत वाद्ये अनेकदा सरळ डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवलेली असत. एका कानाचा हेडफोन काढून ऐकले तर गर्दीत हरवलेली ऱ्हिदम गिटार किंवा ऑर्गन वेगळे सापडण्याची शक्यता असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बास गिटार जवळजवळ नाहीशीच होते, आणि या अल्बममध्ये बास नाहीसा झाला की निम्मा अल्बम नाहीसा होतो.

आधी तीन जुनी गाणी

हॅलिडेचे खरे नाव झां-फिलिप स्मेत. त्याचा जन्म १५ जून १९४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील बेल्जियन होते आणि त्यांनी मुलाला फार लवकर सोडले. आत्याने त्याला वाढवले, आणि तिच्या नृत्य करणाऱ्या मुलींबरोबर हे पोर युरोपभर दौऱ्यांवर फिरले. त्यांपैकी एका बहिणीचा अमेरिकन नवरा ली हॅलिडे या नावाने रंगमंचावर काम करीत असे. जॉनीने आडनाव घेतले ते त्याचे. पुढे पहिल्या रेकॉर्डवर त्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला आणि तो तसाच कायम राहिला. फ्रेंच लोक त्याचा उच्चार 'आलिदे' असा करतात, तेव्हा एखाद्या मुलाखतीत ते नाव कानावर पडले तर गोंधळून जाऊ नये.

अल्बमला हात घालण्यापूर्वी त्याची आणखी तीन गाणी ऐकावीत. पहिले, १९६४चे 'ल पेनितांसिए'. 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' या अमेरिकन लोकगीताचे, ब्रिटिश बँड अ‍ॅनिमल्सने त्याच वर्षी जगभर गाजवलेल्या गाण्याचे, हे फ्रेंच रूप आहे. दुसरे, १९६६चे 'न्वार से न्वार', जे लोस ब्राव्होस या स्पेनमधल्या बँडच्या 'ब्लॅक इज ब्लॅक'वरून केलेले आहे. तिसरे, १९६७चे 'हे जो'. या तिसऱ्या गाण्यामागे एक मजेशीर योग आहे. ऑक्टोबर १९६६मध्ये हॅलिडेने लंडनमध्ये नुकत्याच दाखल झालेल्या जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवादकाला आपल्या फ्रान्सच्या दौऱ्यात सामील करून घेतले होते. हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स या त्याच्या बँडचे पहिले कार्यक्रम असे हॅलिडेच्या आधीच्या भागात झाले, आणि १८ ऑक्टोबरला ते पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहातही वाजवून गेले. ज्याला उभ्या इंग्लंडने अजून धड ओळखले नव्हते त्या वादकाला फ्रेंच प्रेक्षकांपुढे उभे करणाऱ्या गायकाला 'नकलाकार' म्हणून झटकून टाकणे मला तरी अन्यायाचे वाटते.

ही तिन्ही गाणी ऐकताना एकच प्रश्न डोक्यात ठेवावा : चाल परक्या भाषेसाठी बांधलेली आहे हे ऐकून जाणवते का? साठच्या दशकातल्या फ्रेंच रॉकची ही नेहमीची वाट होती. इंग्रजी गाणे घ्यायचे, त्यावर फ्रेंच शब्द बसवायचे, फ्रेंच गायकाकडून गाऊन घ्यायचे आणि मूळ गाणे त्या देशात पुरते पोचण्याआधी बाजारात आणायचे. काही गाण्यांत ही जुळणी झकास बसली आहे, 'ल पेनितांसिए' तर फ्रान्समध्ये जणू तिथलेच लोकगीत होऊन गेले. परंतु वाद्यांचा बाज मात्र बऱ्याचदा मूळ रेकॉर्डसमोर फिका वाटतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच फ्रेंच गायक इंग्रज वादकांकडे वळू लागले. मिशेल पोलनारेफने १९६६मध्ये आपले पहिलेच गाणे लंडनमध्ये मुद्रित केले आणि त्यात गिटार वाजवली ती पुढे लेड झेपेलिन हा बँड स्थापन करणाऱ्या जिमी पेजने. फ्रान्स्वाज आर्दी ही गायिकाही लंडनच्या संगीतकारांबरोबर काम करीत होती. हॅलिडेच्या १९६८च्या 'आ तू कासे' या गाण्यातही पेजची गिटार आहे.

पहिली फेरी : शब्द सोडून ठेका

अल्बम पहिल्यांदा ऐकताना गीतांचा अर्थ शोधू नये, भाषांतर समोर उघडून बसू नये. 'ज स्वी ने दां ला र्यू' हे गाणे लावावे आणि फक्त ड्रम्सकडे लक्ष द्यावे.

आपल्याकडे ताल ऐकणारा कान समेवर टेकतो. आवर्तनाची पहिली मात्रा आली की मान हलते, आणि गाणे त्या मात्रेवर येऊन विसावते. रॉकच्या चार मात्रांत पहिली मात्रा पायाने वाजवायच्या मोठ्या बास ड्रमकडे असते, पण स्नेअर या छोट्या ड्रमचा खणखणीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. अंगातली हालचाल तिथून येते. म्हणून गाणे चालू असताना पहिल्या मात्रेवर टाळी देण्याचा मोह आवरावा आणि दुसरीवर व चौथीवर टाळी द्यावी. सुरुवातीला हात चुकतो, विशेषतः ज्याचा कान भजनी ठेक्यात किंवा नाट्यसंगीतात मुरला आहे त्याचा. तो बसेपर्यंत त्याच गाण्यावर थांबावे, कारण पुढचे सगळे ऐकणे याच्यावर अवलंबून आहे.

टाळी बसली की गाण्याचे नाव त्या टाळीवर स्वतः म्हणून पाहावे. 'मी रस्त्यावर जन्मलो' असा त्याचा साधा अर्थ. इंग्रजीत प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला स्वतःचा आघात असतो. त्यामुळे इंग्रजी ओळ ठोक्यांवर टाकली की आघातांना बसायला जागा आपोआप मिळतात. फ्रेंचमध्ये अक्षरे साधारण सारख्या वजनाने येतात आणि जोर पडतो तो शब्दसमूहाच्या अखेरच्या अक्षरावर, म्हणजे या ओळीत 'र्यू'वर. आता अडचण लक्षात येईल : वाद्यवृंद दर दुसऱ्या मात्रेला ठोका मारतो आहे आणि गायकाच्या भाषेत जोर मात्र ओळ संपताना एकदाच येतो. मधल्या अक्षरांचे काय करायचे?

हॅलिडे त्यांचे जे करतो ते ऐकणे हा या अल्बमचा खरा आनंद आहे. तो व्यंजने ढकलतो, 'र'ला घशात घासतो, एखादे बिनवजनाचे अक्षर मुद्दाम ताणतो आणि ओळीचा शेवटचा स्वर रुंद कंपनासह लांबवत नेतो. फ्रेंच बोलीत शब्दाच्या शेवटचा अर्धवट 'अ' बहुतेक गिळला जातो, पण गाताना गायक त्याला स्वतंत्र सूर देऊ शकतो. त्या जादा अक्षराचा उपयोग हॅलिडे पुढच्या ठोक्यापर्यंत पोचायला करून घेतो. 'रिव्हिएर' हा शब्द कोणत्या ओळीत दोन अक्षरी आणि कोणत्या ओळीत तीन अक्षरी ऐकू येतो, याकडे कान द्यावा.

इकडे ड्रमर गायकासाठी थांबत नाही. फ्रेंच करमणूक संगीतात वादकमंडळी गायकाच्या मागे नम्रपणे चालत, त्याने ओळ रेंगाळवली की तीही रेंगाळत. इथे ठेका आपल्या जागी ठाम राहतो आणि गायकालाच त्याच्यावर स्वार व्हावे लागते. त्या ओढाताणीतून जो ताण निर्माण होतो तो आधीच्या तिन्ही गाण्यांत इतका तीव्र नाही. म्हणूनच ती आधी ऐकायला सांगितली.

दुसऱ्या फेरीत हाच प्रयोग 'रिव्हिएर, उव्र तों ली' या संथ आणि जड गाण्यावर करावा. लय उतरली की गायकाला जागा जास्त मिळते, आणि हॅलिडेच्या आवाजाचा पोत मोकळेपणी समोर येतो. ऑर्गनचा आवाज कुठे थरथरतो, कुठे स्थिर राहतो, तेही पाहावे. हॅमंड ऑर्गनला जोडलेल्या लेस्ली स्पीकरमध्ये ध्वनी फिरत्या कर्ण्यातून बाहेर पडतो, आणि वादक चालू गाण्यात त्याची गती बदलू शकतो. स्मॉल फेसेसचा इयन मॅकलॅगन हा त्या पिढीतला या वाद्याचा पक्का जाणकार होता. त्याचा हात ओळखायचा असेल तर त्याच्या बँडचा १९६८चा 'ऑग्डेन्स नट गॉन फ्लेक' हा अल्बम शेजारी ठेवावा.

दोन प्रकारची गाणी वेगळी काढावीत

या अल्बममधली गाणी ढोबळमानाने दोन वाटांनी आली आहेत. ज्याने त्या दोन वाटा कानाने वेगळ्या केल्या त्याला अल्बम कळला असे मी समजतो.

पहिली वाट मिक जोन्स आणि टॉमी ब्राउन यांची. हे दोघे इंग्लंडमध्ये नीरो अँड द ग्लॅडिएटर्स या वाद्यसंगीताच्या बँडमध्ये होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते फ्रान्समध्ये आले आणि सिल्व्ही व्हार्तान या गायिकेची साथ करू लागले. जानेवारी १९६४मध्ये बीटल्स ओलिंपियात सुमारे तीन आठवडे कार्यक्रम करीत होते, तेव्हा त्याच कार्यक्रमात व्हार्तानही गात होती. म्हणजे ज्या काळात लंडनचे तरुण बीटल्सच्या मागे धावत होते त्या काळात हे दोन इंग्रज पॅरिसमध्ये एका फ्रेंच गायिकेच्या मागे उभे राहून बीटल्सच्याच रंगमंचावर वाजवत होते. व्हार्तान आणि हॅलिडे यांचे १९६५मध्ये लग्न झाले आणि जोन्स-ब्राउन हळूहळू हॅलिडेच्या गोटात स्थिरावले. दोघे मिळून चाली बांधत, जोन्स गिटार वाजवी, ब्राउन ड्रम्स. स्वतःच्या इंग्रजी रेकॉर्डही त्यांनी 'द स्टेट ऑफ मिकी अँड टॉमी' अशा नावाने फ्रान्समध्येच काढल्या.

'ज स्वी ने दां ला र्यू' आणि 'व्होयाज ओ पेई दे व्हिव्हां' यांचे संगीत या जोडीचे आणि शब्द लाँग क्रिस या टोपणनावाने गाणाऱ्या हॅलिडेच्या जुन्या मित्राचे आहेत. चाल बांधणाऱ्याला हा गळा रोजचा परिचयाचा होता. तो कोणत्या सुरावर फाटतो, कुठे दाटतो, प्रेक्षक कोणत्या क्षणी उठून उभे राहतात, हे त्यांनी रंगमंचावर त्याच्या चार पावले मागे उभे राहून पाहिले होते. लाँग क्रिसलाही मित्राचे बालपण ठाऊक होते, त्यामुळे 'रस्त्यावर जन्मलो' हे शब्द त्याच्या तोंडी शोभतात. या गाण्यांत ओळी आखूड आहेत, ओळींच्या मधल्या जागेत गिटारला बोलू दिले आहे, आणि शेवटचा स्वर ताणायला पुरेशा मात्रा मोकळ्या सोडल्या आहेत. परक्या वादकांनी केलेले असूनही हे फ्रेंच गाणे आहे, आणि मला तर ही गाणी अल्बमच्या पाठीचा कणा वाटतात.

दुसरी वाट स्मॉल फेसेसची. त्या बँडचा गायक-गिटारवादक स्टीव्ह मॅरियट आणि बास वाजवणारा रॉनी लेन यांच्या वर्तुळातून आलेली तीन गाणी या अल्बममध्ये आहेत : 'आमेन', 'रेक्लामासियों' आणि 'रगार्द पूर म्वा'. त्यांच्या नावांपुढे मूळ इंग्रजी नावेही छापलेली असतात, अनुक्रमे 'बँग बँग', 'न्यूज रिपोर्ट' आणि 'व्हॉट यू विल'. यांत चाल आधी इंग्रजी गळ्यासाठी, तीही मॅरियटच्या उंच, फाटत जाणाऱ्या, अमेरिकन सोल संगीतावर पोसलेल्या गळ्यासाठी आलेली आहे. हॅलिडेचा आवाज त्याहून खालचा आणि रुंद. तो मॅरियटसारखे गाण्याचा प्रयत्न करीत नाही, हे त्याचे शहाणपण. पण चालीत मॅरियटच्या श्वासाचे माप राहून गेले आहे, आणि ते शोधण्यात मौज आहे.

शोधण्याची रीत सोपी आहे. 'व्हॉट यू विल' हे गाणे मॅरियट आणि फ्रॅम्प्टन यांच्या हंबल पाय या नव्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये, १९६९च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'अ‍ॅज सेफ अ‍ॅज यस्टरडे इज'मध्ये आहे. आधी हॅलिडेचे 'रगार्द पूर म्वा' दोनदा ऐकावे आणि मग हंबल पायचे ऐकावे. क्रम उलटा करू नये. इंग्रजी रूप आधी कानात बसले की फ्रेंच रूप केवळ अनुवाद वाटू लागते आणि ऐकणाऱ्याचा सगळा वेळ तुलनेत जातो. दोन्ही ऐकून झाल्यावर दोन गोष्टी टिपाव्यात. पहिली, ध्रुवपदात गायक श्वास कुठे घेतो. दुसरी, ओळीतला सर्वांत उंच सूर इंग्रजीत कोणत्या शब्दावर पडतो आणि फ्रेंचमध्ये कोणत्या. फ्रेंच गीतकाराला त्या सुरासाठी मोकळ्या स्वराचा शब्द मिळाला असेल तर ओळ उडते. अनुनासिकावर किंवा बंद स्वरावर तो सूर आला असेल तर गायकाला जोर लावावा लागतो, आणि तो लावलेला जोर ऐकू येतो.

या तीन गाण्यांना आणखी एक महत्त्व आहे. ३१ डिसेंबर १९६८ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या कार्यक्रमात मॅरियट रंगमंच सोडून निघून गेला आणि स्मॉल फेसेस फुटले. लेन, मॅकलॅगन आणि ड्रमर केनी जोन्स हे तिघे पुढे रॉड स्टुअर्ट आणि रॉन वुड यांच्याबरोबर फेसेस या नावाने उभे राहिले, तर मॅरियट आणि फ्रॅम्प्टन यांनी हंबल पाय काढला. एक बँड मोडतो आहे आणि त्याच्यातून दोन बँड जन्माला येत आहेत अशा काळातले हे मुद्रण आहे. मॅरियट, फ्रॅम्प्टन आणि उरलेले स्मॉल फेसेस एकाच कामावर असल्याचा असा पुरावा दुसरीकडे सहज सापडत नाही. ब्रिटिश रॉकचे चाहते एका फ्रेंच अल्बमच्या मागे का लागतात, याचे उत्तर यात आहे. त्यांचे कुतूहल रास्त आहे, फक्त त्यांनी तेवढ्यावर थांबू नये.

शब्दांकडे केव्हा वळावे

ठेका आणि चाली ओळखीच्या झाल्या की मग गीतांचे शब्द हाती घ्यावेत. यंत्राने केलेले भाषांतर चालेल, पण ते शेजारी फ्रेंच मजकूर ठेवून वाचावे आणि गाणे लावून फ्रेंच ओळीवर बोट फिरवत जावे. सुरुवातीला फक्त ओळींच्या शेवटचे शब्द ओळखावेत, कारण जोर आणि यमक दोन्ही तिथेच असतात. मराठी कानाला फ्रेंच अनुनासिके अजिबात परकी नाहीत. इंग्रजी कानाला तीच 'आं', 'ओं', 'एं' यांची जात वेगळी करताना त्रास होतो. 'र्यू'मधला स्वर मात्र आपल्याकडे नाही : ओठ 'ऊ'साठी गोल करून आत 'ई' म्हणायची. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी आलियांस फ्रांसेज आहे, ज्याला ही गोडी लागली त्याला तिथे भाषेचा पाया घालून घेता येईल. पण अल्बम ऐकण्यासाठी त्याची अट नाही.

गीतांकडून फार तात्त्विक खोलीची अपेक्षा करू नये. नदीला पात्र मोकळे करण्याची विनवणी, जिवंतांच्या प्रदेशातला प्रवास, असा १९६९च्या सायकेडेलिक हवेतला मामला आहे. कागदावर वाचले तर काही ओळी भाबड्या वाटतात, आणि गायक त्या इतक्या गंभीरपणे गातो की हसू येण्याचीही शक्यता असते. ते आले तरी हरकत नाही. हॅलिडेच्या कलेत उपरोधाला जागाच नव्हती, आणि फ्रेंच बुद्धिवंतांनी त्याला वर्षानुवर्षे नाके मुरडली ती बरीचशी यामुळे. डिसेंबर २०१७मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा पॅरिसच्या शाँझेलिझे या प्रसिद्ध रस्त्यावरून त्याची अंत्ययात्रा निघाली आणि रस्त्यांच्या दुतर्फा प्रचंड लोकसमुदाय उभा होता. ते लोक त्याच्या शब्दांच्या खोलीसाठी आले नव्हते.

श्रेयनामावली वाचताना घ्यायची काळजी

फ्रेंच रेकॉर्डच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली छापलेली नावे ही रचनाकारांची असतात, वादकांची नव्हे. तिथे एखादे इंग्रजी नाव दिसले म्हणून तो माणूस त्या गाण्यात वाजवतो आहे असा निष्कर्ष काढू नये. आणि नाव नसले म्हणून तो वाजवत नाही, असेही नाही. फ्रेंच लेबलवर दिसणारी 'सासेम' ही अक्षरे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेची आहेत, ध्वनिमुद्रण कुठे झाले याच्याशी त्यांचा संबंध नाही.

त्या काळात पाहुण्या वादकांची नावे वेष्टनावर छापण्याची शिस्त नव्हती. सर्ज गेन्सबूरचा १९७१चा 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन' हा दुसरा प्रसिद्ध फ्रेंच अल्बमही लंडनच्या वादकांबरोबर केलेला आहे. त्याच्या वेष्टनावर त्या वादकांची नावे नव्हती, आणि त्यातली विलक्षण बास गिटार कोणाची, यावर रसिकांनी पुढे कित्येक वर्षे वाद घातला. हॅलिडेच्या या अल्बमच्या बाबतीतही 'अमुक गिटारचा तुकडा फ्रॅम्प्टनचाच' असे छातीठोक विधान कोणी केले तर त्याला आधार विचारावा. स्वतःच्या कानाला काही ओळखीचे वाटले तर ते तात्पुरते मानावे आणि फ्रॅम्प्टनची हंबल पायमधली गिटार ऐकून पडताळावे. मिक जोन्सही त्याच अल्बममध्ये गिटार वाजवतो हे विसरून लोक चांगला वाटलेला प्रत्येक तुकडा फ्रॅम्प्टनच्या खात्यावर जमा करतात. जोन्सने पुढे १९७६मध्ये न्यूयॉर्कमध्ये फॉरिनर हा बँड काढला आणि १९८४च्या 'आय वाँट टू नो व्हॉट लव्ह इज'मुळे त्याचे गाणे जगाच्या कानाकोपऱ्यात पोचले. त्याच्या कसाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

जुनी रेकॉर्ड विकत घ्यायची असेल तर फ्रेंच फिलिप्सची आवृत्ती की नंतरचे पुनर्मुद्रण, हे लेबल पाहून आधी ठरवावे. भारतात ती मिळण्याची आशा थोडीच, आणि परदेशातून मागवली तर टपालखर्च व सीमाशुल्क मिळून रेकॉर्डपेक्षा वरखर्च मोठा होऊ शकतो. ऐकण्यापुरती सीडी किंवा इंटरनेटवरची अधिकृत प्रत पुरते.

यानंतरचा क्रम

स्टुडिओतला अल्बम अंगवळणी पडला की १९६९च्याच पॅरिसमधल्या पाले दे स्पोर सभागृहातल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण घ्यावे, जे 'क ज तेम' या नावाने निघाले. 'ज स्वी ने दां ला र्यू' त्यातही आहे. स्टुडिओत जो ठेका गायकाला खेचत होता तोच आता प्रेक्षकांच्या गदारोळात कसा चालतो, आणि हॅलिडे ओळीचा शेवट किती जास्त लांबवतो, हे दोन्ही रूपे लागोपाठ लावून पाहावे. त्या अल्बमला नाव देणारे गाणे झील तिबो आणि झां रनार यांचे आहे, आणि ते पूर्णपणे फ्रेंच वळणाचे प्रेमगीत आहे. एकाच मैफलीत दोन्ही ढंग ऐकायला मिळतात ही सोय मोठी आहे.

मग १९७०चा 'व्ही' आणि १९७१चा 'फ्लाग्रां देली' हे अल्बम घ्यावेत. 'व्ही'च्या वर्षीच येशू ख्रिस्ताला हिप्पी ठरवणाऱ्या गाण्यावरून फ्रान्समध्ये गदारोळ झाला होता, पण आपल्या कामासाठी 'फ्लाग्रां देली' जास्त उपयोगी आहे. त्यातल्या 'ओ मा जोली सारा' या गाण्याचे शब्द पत्रकार आणि लेखक फिलिप लाब्रोचे, संगीत जोन्स-ब्राउन जोडीचे. इथे लय झपाट्याची आहे, पियानो ठणठणतो आहे, आणि फ्रेंच अक्षरे ठोक्याशी झुंजत न बसता त्याच्यावरून घसरत जातात. हे गाणे लावून पुन्हा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी, आणि 'सारा' हे नाव टाळीच्या आधी येते, टाळीवर येते की टाळीनंतर, हे प्रत्येक कडव्यात मोजावे.